तुमच्या टोनचं गोदाम: कीबोर्डवरचे आवाज सुधारा, सेव्ह करा आणि बॅकअप ठेवा



आजचा धडा संगीतातून व्यवसाय उभा करू पाहणाऱ्यांसाठी आहे. तुमच्यापैकी कुणी ऑर्केस्ट्रात वाजवतं, कुणी हळदी-संगीताच्या सुपाऱ्या घेतं, कुणी भजनाला किंवा बँजो पार्टीला साथ करतं, तर कुणी घरातल्या खोलीत छोटा स्टुडिओ टाकून जिंगल करून देतं. कामं वेगवेगळी असली तरी सगळ्यांसमोर असतो तो सिंथेसायझर कीबोर्ड. व्हिडिओत बटणं दाखवली आहेत. इथे तेच क्रमाने लिहून देतोय, म्हणजे कीबोर्डसमोर बसून एकेक पायरी करता येईल.

सुरुवातीला एक प्रश्न. समजा, आज संध्याकाळी सुपारी आहे आणि सकाळी तुमचा कीबोर्ड चालूच झाला नाही. धावपळ करून त्याच मॉडेलचा दुसरा कीबोर्ड भाड्याने मिळाला. तर संध्याकाळचा कार्यक्रम नेहमीसारखा होईल का?

उत्तर "हो" असेल तर तुमच्याकडे व्यवसाय आहे. "नाही हो, माझे सगळे टोन त्या बंद पडलेल्या कीबोर्डमध्ये आहेत" असं असेल, तर तुमचा सगळा माल एका गोदामात आहे आणि त्याची किल्ली हरवली आहे. म्हणून आजचं सूत्र लक्षात ठेवा: जो आवाज दुसऱ्या कीबोर्डमध्ये चढवून वाजवता येतो, तोच तुमचा पक्का माल.

१. आवाज साठवण्याला किंमत कशी आली?

थोडा इतिहास बघू, कारण त्यात धंद्याचा धडा आहे. १९७० साली आलेल्या मिनीमूग सिंथेसायझरला मेमरीच नव्हती. एखादा छान आवाज जमला की वादक प्रत्येक बटण कुठे फिरवलं आहे ते कागदावर काढून ठेवायचे. पुढच्या वेळी तो कागद समोर ठेवायचा आणि सगळी बटणं पुन्हा जुळवायची. दोन गाण्यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात हे कसं जमणार?

१९७८ मध्ये अमेरिकेत डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीने प्रॉफेट-५ आणला. त्यात ४० आवाज साठवता यायचे आणि एक बटण दाबलं की हवा तो आवाज हजर व्हायचा. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. त्यात ३२ आवाज राहायचे आणि बाहेरून कार्ट्रिज लावून आणखी आवाज आणता यायचे. म्हणजे आवाज आता यंत्रापासून वेगळा काढून हातात धरता येत होता. मग नुसते आवाज बनवून विकणारे लोकही तयार झाले.

यातून आपण काय घ्यायचं? कीबोर्ड कुणीही दुकानातून विकत आणू शकतो. त्यात तुम्ही बसवलेले टोन मात्र दुकानात मिळत नाहीत. आयोजक तुम्हालाच का बोलावतो, याचं अर्धं उत्तर तुमच्या बोटांत आहे आणि अर्धं त्या टोनमध्ये.

२. कीबोर्डच्या पोटातले तीन कप्पे

बहुतेकांचे टोन हरवतात ते हे तीन कप्पे माहीत नसल्यामुळे.

*पहिला कप्पा, कंपनीचे टोन:* यांना प्रीसेट म्हणतात. हे कायम असतात. तुम्ही बदलू शकत नाही, पुसूही शकत नाही.

*दुसरा कप्पा, कच्ची वही:* टोन निवडून तुम्ही कटऑफ, रिव्हर्ब वगैरे बदलता, तेव्हा तो बदल आधी तात्पुरत्या जागेत होतो. याला एडिट बफर म्हणतात. कानाला बदल ऐकू येतो, म्हणून वाटतं काम झालं. पण दुसरा टोन निवडला किंवा स्विच बंद केला की ही वही कोरी होते.

*तिसरा कप्पा, युजर मेमरी:* ही तुमची हक्काची जागा. इथे टोन जातो तो तुम्ही मुद्दाम पाठवल्यावरच. रोलँड आणि कोर्गच्या बऱ्याच मॉडेलवर त्यासाठी "राइट" असतं, यामाहाच्या सिंथवर "स्टोअर". नाव कुठलंही असो, काम एकच: कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवणं.

इथे दोन खाचखळगे आहेत.

एक: बऱ्याच कीबोर्डवर अनेक टोन एकत्र लावून एक सेटअप करता येतो. डाव्या हाताला बास, उजव्या हाताला सनई आणि मागे स्ट्रिंग्ज. रोलँडवाले याला परफॉर्मन्स म्हणतात, कोर्गवाले कॉम्बी. अनेक मॉडेलमध्ये या सेटअपच्या आत टोनची प्रत नसते, "अमुक नंबरचा टोन वाजव" एवढीच चिठ्ठी असते. त्या नंबरवर तुम्ही दुसरा टोन सेव्ह केलात, की तो नंबर वापरणारे सगळे सेटअप बदलतात. "काल सनई होती, आज बासरी कशी आली?" याचं कारण बहुधा हेच असतं.

दोन: ट्यूनिंग, पेडलची कामं, एकूण ट्रान्सपोज अशा गोष्टी पुष्कळदा टोनबरोबर सेव्ह होत नाहीत. त्यांचं सिस्टिम सेटिंग वेगळं असतं. गायिकेसाठी काळी एक लावून ठेवली आणि टोन सेव्ह केला, तरी पुढच्या वेळी कीबोर्ड पुन्हा पांढरी एकवर उघडू शकतो. कुठली गोष्ट कुठे साठते, ते आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये एकदा शोधा आणि कागदावर लिहून ठेवा.

३. टोन सुधारताना काय बघायचं?

नवीन माणूस शून्यापासून टोन बनवायला जातो आणि दोन तासांनी कंटाळतो. तसं करू नका. जवळचा प्रीसेट घ्या, त्याची प्रत युजर मेमरीत टाका आणि त्या प्रतीवर काम करा. खालच्या सहा गोष्टी जमल्या तरी स्टेजवर फरक कळतो.

*अटॅक आणि रिलीज:* बोट पडल्यावर आवाज किती वेळात उभा राहतो तो अटॅक, बोट उचलल्यावर किती वेळ मागे रेंगाळतो तो रिलीज. द्रुत लयीच्या गाण्यात रिलीज लांब असेल तर सूर एकमेकांत मिसळून गिचका होतो. स्ट्रिंग्जला मात्र थोडा लांब रिलीज शोभतो.

*कटऑफ:* आवाजातली चमक कमी-जास्त करणारा फिल्टर. हेडफोनवर गोड लागणारी सनई मैदानातल्या मोठ्या स्पीकरवर कानात टोचते. कटऑफ जरा खाली घेतला की ती बसते.

*टचचा परिणाम:* खऱ्या पेटीत पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, तो भात्यावर अवलंबून असतो. म्हणून हार्मोनियमच्या टोनमध्ये बोटाच्या जोराचा परिणाम, म्हणजे व्हेलॉसिटी, अगदी कमी ठेवा. आवाजाचा चढउतार एक्स्प्रेशन पेडलवर द्या. पायाने भाता मारल्यासारखं वाजेल.

*बेंड आणि मींड:* पिच बेंडची मर्यादा साधारणपणे दोन सेमीटोनवर लावलेली असते. मराठी गाण्यांतली मींड काढायची तर टोन मोनो करा, लेगाटो चालू करा आणि पोर्टामेंटो थोडा द्या. पोर्टामेंटोचा वेळ जास्त झाला की सनईचा भोंगा होतो, तेवढं सांभाळा.

*रिव्हर्ब:* हॉलचा स्वतःचा घुमारा असतो आणि साउंडवालाही वरून थोडा देतो. त्यात तुमचाही जास्त असेल तर शब्दही ऐकू येत नाहीत. स्टेजच्या टोनमध्ये घरच्यापेक्षा कमी ठेवा.

*पातळी:* एका टोनवरून दुसऱ्यावर गेल्यावर आवाज एकदम वर-खाली होता कामा नये. सगळे टोन ओळीने दहा-दहा सेकंद वाजवा आणि समान करा. साउंडवाला तुमच्यावर खूश राहिला, तर पुढची सुपारी तोही मिळवून देतो!

आणखी एक. छोट्या कार्यक्रमात तुमची एकच वायर मिक्सरला जाते, म्हणजे आवाज मोनो होतो. काही स्टिरिओ पियानो आणि कोरस असलेले टोन मोनोमध्ये पोकळ वाटतात. म्हणून टोन पक्का करण्याआधी "एल/मोनो" लिहिलेल्या जॅकमधून एकदा स्पीकरवर ऐका.

४. सेव्ह करण्याची शिस्त

दुकानदार माल आला की वाटेल त्या फळीवर फेकत नाही. तुम्हीही फेकू नका.

- *जागा ठरवा.* युजर मेमरीचे नंबर वाटून घ्या. उदाहरणार्थ, १ ते २० सुरावट (सनई, बासरी, पेटी), २१ ते ४० पियानो आणि ऑर्गन, ४१ ते ६० स्ट्रिंग्ज, आणि शेवटचे दहा प्रयोगासाठी मोकळे.
- *नाव कळेल असं द्या.* कीबोर्डवर नाव रोमन अक्षरांत आणि मोजक्या जागेत लिहावं लागतं. डीएक्स-७ मध्ये फक्त दहा अक्षरं बसायची. म्हणून आधी वाद्य, मग काम, मग आवृत्तीचा आकडा: "सनई हळद २". "नवीन", "छान", "फायनल" अशी नावं दोन महिन्यांनी तुम्हालाच कळत नाहीत.
- *जुन्यावर लगेच चढवू नका.* सुधारलेला टोन शेजारच्या मोकळ्या नंबरवर ठेवा. एक-दोन कार्यक्रमांत चालला की मगच जुना काढा.
- *सेव्ह होताना वीज सांभाळा.* स्क्रीनवर काम चालू असल्याचा संदेश असताना स्विच बंद झाला तर मेमरीतला डेटा खराब होऊ शकतो. स्टेजवर जनरेटर बदलायची वेळ असेल तेव्हा सेव्ह करायला घेऊ नका. हे काम घरी, निवांत.
- *वही ठेवा.* नंबर, नाव, कुठल्या गाण्याला वापरतो, सूर कुठला. कीबोर्ड हरवला तरी ही वही निम्मं काम वाचवते.

५. बॅकअप: तीन प्रती, दोन प्रकार, एक बाहेर

कॉम्प्युटरवाले ३-२-१ नियम सांगतात. तो प्रसिद्ध केल्याचं श्रेय पीटर क्रोग या छायाचित्रकाराला दिलं जातं. म्हणजे तोही आपल्यासारखाच कलेवर पोट असलेला माणूस! नियम सोपा आहे: डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि १ प्रत दुसऱ्या जागी. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा: एक कीबोर्डमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह कीबोर्डच्याच बॅगेत ठेवला आणि बॅग चोरीला गेली, तर दोन प्रती एकदम गेल्या. म्हणून तिसरी बाहेरच हवी.

आता पायऱ्या:

१. पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यावर सिनेमे नकोत. बरेच कीबोर्ड फॅट-३२ फॉरमॅट वाचतात. शक्यतो कीबोर्डच्याच मेनूतून फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या.

२. मेनूतून युजर डेटाचा पूर्ण बॅकअप घ्या. नुसता एखादा टोन नको, सगळं.

३. सॅम्पल वेगळी तपासा. संबळ, हलगी किंवा नाशिक ढोलाचे आवाज तुम्ही वेव्ह फाइलमधून घेतले असतील, तर ते टोनच्या फाइलमध्ये असतीलच असं नाही. उदाहरणार्थ, कोर्गच्या ट्रायटनमध्ये प्रोग्रॅम आणि कॉम्बी "पीसीजी" फाइलमध्ये जातात, सॅम्पल वेगळ्या फाइलींत. फक्त पहिली फाइल ठेवली तर टोनचं नाव दिसेल, सेटिंग दिसेल, पट्टी दाबल्यावर मात्र शांतता!

४. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून आख्खं फोल्डर तारखेच्या नावाने कॉपी करा. आतल्या फोल्डरची आणि फाइलची नावं बदलू नका, नाहीतर कीबोर्डला ती सापडत नाहीत. मग त्याची झिप करून ऑनलाइन ठेवा.

जागेची चिंता नको. टोन म्हणजे आकड्यांची यादी असते. डीएक्स-७ च्या ३२ आवाजांचा डेटा जेमतेम ४ केबी होता. मोबाइलवरचा साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. सॅम्पल मात्र जागा खातात: सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा स्टिरिओ आवाज साधारण १० एमबी होतो.

*जुना कीबोर्ड असेल तर:* यूएसबी नसलेल्या सेकंडहँड सिंथमध्ये मिडी केबलने कॉम्प्युटरवर "सिसएक्स बल्क डंप" घेता येतो. आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ मॉडेलमध्ये आवाज टिकतात ते आतल्या तीन व्होल्टच्या बॅटरीवर, बहुधा सीआर २०३२. ती संपली की तुमचे टोन गेले. म्हणून स्वस्तात जुना सिंथ घेतलात तर आधी डंप घ्या, मग मेकॅनिककडे बॅटरी बदलायला द्या.

*दुरुस्तीला देण्याआधी:* बॅकअप घेतल्याशिवाय कीबोर्ड कुणाच्याही हातात देऊ नका. दुरुस्ती करताना फॅक्टरी रिसेट करावा लागला, तर तुमचे टोन पुसले जातात आणि त्यात मेकॅनिकचा दोष नसतो.

६. परत चढवून वाजवलं तरच बॅकअप

धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि नेमका हाच लोक सोडून देतात. पेन ड्राइव्हवर फाइल दिसते, म्हणजे झालं असं धरून चालतात. फाइल अर्धवट असू शकते, सॅम्पल राहिलेली असू शकतात, पेन ड्राइव्ह खराब असू शकतो. हे कधी कळतं? सुपारीच्या दिवशी.

म्हणून तपासणी करा. पण सांभाळून, कारण रिस्टोअर केल्यावर कीबोर्डमधला सध्याचा युजर डेटा बहुधा पूर्ण बदलला जातो. आधी आजचा ताजा बॅकअप एका पेन ड्राइव्हवर घ्या आणि कॉम्प्युटरवर कॉपी करा. मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर तीच प्रत टाकून ती रिस्टोअर करा. त्यानंतर वही उघडा आणि पाच टोन वाजवा: एक साधा, एक सॅम्पलवाला, एक सेटअप, एक पेडलवाला आणि एक ट्रान्सपोज केलेला. पाचही बरोबर वाजले तर बॅकअप पक्का.

शक्य असेल तर हीच परीक्षा मित्राच्या त्याच मॉडेलच्या कीबोर्डवर घ्या, अर्थात आधी त्याचा बॅकअप काढून. एका मॉडेलची बॅकअप फाइल दुसऱ्या मॉडेलवर बहुधा चालत नाही. म्हणून भाड्याने कीबोर्ड मागताना "कुठलाही चालेल" म्हणू नका. मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिस्टिमचा व्हर्जन नंबर सांगा. गावात तुमच्या मॉडेलचे आणखी कीबोर्ड कुणाकडे आहेत, त्यांचे फोन नंबर आजच लिहून ठेवा. दुसरा कीबोर्ड घ्यायची ऐपत आली तर वेगळ्या नव्या मॉडेलच्या मोहाआधी तेच मॉडेल सेकंडहँड मिळतं का ते बघा.

७. आता हिशेब मांडू

समजा, तुमच्याकडे ४० टोन आहेत आणि प्रत्येकाला सरासरी ४५ मिनिटं लागली. म्हणजे १,८०० मिनिटं, ३० तास. तुमच्या तासाची किंमत ३०० रुपये धरली तरी ९,००० रुपयांचं काम त्या मेमरीत आहे. त्यात टोन नाहीत म्हणून परत केलेली एक सुपारी आणि नाराज झालेला एक आयोजक मिळवा. समोर काय आहे? दोन पेन ड्राइव्ह आणि महिन्याला अर्धा तास. कुठला दुकानदार एवढ्या स्वस्तात मालाचा विमा सोडेल?

आणि हा माल विकताही येतो. नवीन वादकांना टोन बसवून देणं, शाळेच्या संगीत वर्गाचा कीबोर्ड लावून देणं, ही कामं फी घेऊन करता येतात. फक्त एक पथ्य पाळा: दुसऱ्याने बनवून विकलेले टोन किंवा सॅम्पल आपले म्हणून विकू नका. आधी त्याचा परवाना वाचा. संबळवादकाला बोलावून आवाज रेकॉर्ड करणार असाल, तर त्याला बिदागी द्या आणि वापराची परवानगी लेखी घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाच्या सादरीकरणाचे हक्कही मान्य केलेले आहेत. शिवाय तो वादक उद्या तुमच्याबरोबर स्टेजवर असणार आहे, हे कायद्यापेक्षाही मोठं कारण.

या आठवड्याचा गृहपाठ

१. वहीत तुमच्या सगळ्या युजर टोनची यादी करा.
२. सर्वात जास्त चालणारे तीन टोन स्पीकरवर, मोनोमध्ये ऐकून सुधारा आणि नव्या नंबरवर ठेवा.
३. पूर्ण बॅकअप घ्या: पेन ड्राइव्ह, कॉम्प्युटर, ऑनलाइन.
४. एकदा परत चढवून पाच टोन वाजवा.
५. दर महिन्याची एक तारीख ठरवा. लग्नसराई, गणपती आणि नवरात्राच्या आदल्या आठवड्यात एक जादा बॅकअप.

तुमचा व्यवसाय कीबोर्डचा नसेल तरी हा धडा तुमचाच आहे. टेलरची मापांची वही, मसालेवालीचं प्रमाण, फोटोग्राफरची सेटिंग, सगळीकडे प्रश्न तोच: दुकान आज बंद पडलं, तर उद्या दुसऱ्या जागी तोच माल देता येईल का?

यातलं पहिलं काम आज रात्रीच करा. वही आणि पेन घ्या, कीबोर्ड चालू करा आणि टोन नंबर एकपासून लिहायला लागा. पुढच्या भागात सुपारी ठरवताना दर कसा सांगायचा आणि आगाऊ रक्कम कशी मागायची ते बघू. तोपर्यंत वाजवत राहा, कमवत राहा!